सोबतीची वही : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी माझ्या कामाविषयी लिहिलं होतं. बेळगावात १९ वर्षं मी म्हाताऱ्या माणसांच्या घरी सोबतीला जाते, कुठे दिवसपाळी, कुठे चोवीस तास. लोक आम्हाला केअरटेकर म्हणतात, मावशी म्हणतात, कुणी नुसतंच 'ती बाई' म्हणतात. मी स्वतःला सोबतीण म्हणते. लेखानंतर बरीच पत्रं आली. एकदोन वाचून रात्री झोप लागली नाही. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देतेय. नावं कुणाचीच घातलेली नाहीत.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ३४, शिक्षण दहावी, दोन मुलं. बेळगावात एका आजींना सांभाळायला बाई पाहिजे आहे, सकाळी ८ ते रात्री ८. सासूबाई म्हणतात, "परक्याचं हागणंमुतणं काढायला जाणार काय?" मला नर्सिंग येत नाही. हे काम जमेल का? नेमकं काय करायचं असतं?

उत्तर : तुला 'अगं' म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीएवढी आहेस. सासूबाईंचं वाक्य माझ्या थोरल्या दिरांनी मला ऐकवलं होतं, अगदी याच शब्दांत. ते काम असतं, लपवून काय करू? टिळकवाडीतलं माझं पहिलं घर, निवृत्त मास्तर. दुसऱ्याच दिवशी त्यांचं धोतर खराब झालं. मी आत गेले तर ते भिंतीकडे तोंड करून रडत होते. आयुष्यभर पोरांची नखं तपासलेला माणूस! मी दार लोटून घेतलं, अंगावर मोठा पंचा टाकला आणि हात चालवता चालवता विचारलं, "मास्तर, येळ्ळूरच्या शिवारात यंदा बासमतीची लावण लांबली म्हणतात, खरं काय?" त्यांचं शेत तिकडेच. भाताचा विषय निघाल्यावर ते थांबेनात. त्यांचं बोलणं संपायच्या आत नवं धोतर नेसवून झालं होतं. घाण साबणानं जाते गं. समोरच्याची लाज राखायला मात्र शिकावं लागतं, आणि ते तू पंधरा दिवसांत शिकशील.

पण बारा तासांत हे फार तर तासाभराचं काम. उरलेले अकरा तास काय करायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते वडगावच्या एका आजींना भोवलं. नव्या बाईकडून हीच चूक होते, म्हणून सगळं सांगते.

विणकराच्या घरातल्या आजी. उजव्या अंगावरून वारं गेलेलं. तीन महिन्यांनी बोटं थोडी थोडी हलायला लागली होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं बजावलं होतं, वाटी त्यांच्याच पुढ्यात ठेवा, सांडू दे, जेवायला तास लागला तरी लागू दे. मला ते बघवेना. आमटी पदरावर सांडायची, घास तोंडाशी येता येता ताटात पडायचा. मी भरवायला लागले. मग वेणी मी घालायची, हूक मी लावायचे, तोंड मी पुसायचं. घरचे खूश, आजीही खूश. "लेकीवानी करतीस गं" म्हणायच्या. चार महिन्यांनी बोटं आखडून मूठ झाली ती उघडेचना. त्याच बोटांनी त्यांनी उभा जन्म कांड्या भरल्या होत्या. मी मायेनं केलं हे खरं, पण त्या मुलीचं ऐकलं असतं तर काही बोटं तरी राहिली असती, हे मनातून जात नाही.

तेव्हापासून मी एवढं पाळते : माणसाला जे अर्धं येतं, ते अर्धं त्याच्याकडेच ठेवायचं. शेंगा सोलणं, कोथिंबीर निवडणं, देवाची भांडी पुसणं, टॉवेलांच्या घड्या घालणं. आपण केलं तर पाच मिनिटांत होईल, त्यांना पाऊण तास लागेल. तो पाऊण तास शेजारी बसून राहायचं. हेच काम, आणि सुरुवातीला हेच सगळ्यात जड जातं.

आता हाताला लागायला हव्यात अशा गोष्टी. झोपेतून उठवून एकदम उभं करायचं नाही. पाय खाली सोडून दोन मिनिटं खाटेच्या कडेला बसवायचं, नाहीतर चक्कर येऊन पडतात. चालवताना आपण अधू बाजूला, काठी चांगल्या हातात. कपडा घालताना अधू हात आधी, काढताना तो शेवटी. जेवण ताठ बसवूनच द्यायचं आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, टाचा, खुबे रोज उजेडात बघायचे; लाल डाग बोटानं दाबूनही फिका पडत नसेल तर तिथे जखम होऊ घातलीय, त्याच दिवशी घरच्यांना सांग. इंजेक्शन देणं, लघवीची नळी घालणं, खोल जखमेची पट्टी बदलणं हे नर्सचं काम. कुणी कितीही गोड बोललं तरी त्याला हात लावू नकोस. 'होम हेल्थ एड' नावाचा सरकारमान्य अभ्यासक्रम असतो, जवळपास चालू असेल तर जरूर कर.

आणि बसचं बघ. जून २०२३ पासून आपल्याकडे सरकारी साध्या बसला बायकांना तिकीट नाही, तो खर्च वाचला. पण रात्री ८ ला सुटून तुझ्या गावाची शेवटची गाडी मिळते का? खानापूरकडचा पाऊस तुला मी सांगायला नको. ७ ला सुटायचं आधीच ठरवून घे. पहिल्या दिवशी बोलायला जड जातं ते सहा महिन्यांनी अजून जड जातं.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. आई ८४ वर्षांची, बेळगावच्या शहापुरात एकटी राहते. माहेर-सासर दोन्ही तिथलंच. मी बाई ठेवली की आई तिला आठ दिवसांत घालवते. चार महिन्यांत तीन बायका झाल्या. "मला काय धाड भरलीया?" म्हणते. मी बैठकीत कॅमेराही लावलाय. काय करावं?

उत्तर : दादा, तुमचं मूळ पत्र दोन पानांचं आहे. त्यात 'मी बाई ठेवली' हे तीनदा आलंय. 'आईला विचारलं' हे एकदाही नाही. साठ वर्षं स्वतःच्या हातानं घर चालवलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात एक दिवस अनोळखी बाई येते आणि डबे उघडायला लागते. मी असते तर मीही घालवली असती.

खडेबाजाराजवळच्या एका आजींनी मला दारातच विचारलं होतं, "कशाला आलीस तू?" मी म्हटलं, "आज्जी, मांडे करायला शिकवता काय? माझे फाटतात." खोटं नव्हतं, माझे खरोखर फाटायचे. त्या स्टुलावर बसल्या, मी खापराशी. पहिल्या दिवशी सात फाडले. त्या रागावल्या, हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी आपणहून वाट बघत बसल्या. तिसऱ्या आठवड्यात मला हळूच म्हणाल्या, "रात्री न्हाणीत पाय घसरला होता. कुणाला सांगू नको." मांडी काळीनिळी पडली होती. मुलाला, सुनेला, कुणालाच त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

तर चौथी बाई तुम्ही निवडू नका. दोघी-तिघींना घरी बोलवा आणि आईंना बघू दे, बोलू दे. पहिले पंधरा दिवस रोज दोनच तास. तुमच्या आईंना येतं आणि त्या बाईला येत नाही असं काहीतरी कामात असू दे. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, म्हणजे तेव्हा आई सहा-सात वर्षांच्या; तेव्हाच्या गोष्टी विचारणारं कुणी घरात आलं तर त्यांना नको होईल असं वाटत नाही. आणि पगार पुण्याहून बाईच्या खात्यात टाकू नका. आईंकडे द्या, त्यांच्या हातानं जाऊ दे. बाई कुणाची माणूस हे त्यातून ठरतं. हा बदल मी दोन घरांत करायला लावला आणि दोन्हीकडे कुरबुर थांबली.

कॅमेऱ्याचं आईंना आणि बाईला दोघींनाही सांगितलंय का? नसेल तर आज सांगा. झोपायच्या खोलीत तो कधीही नको. त्या पैशात न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा बसवा, शहाबादी फरशीवर रबराची चटई टाका, रात्रभर एक बारीक दिवा चालू ठेवा आणि घरभरची सुटी पायपुसणी उचलून टाका. शहापूरच्या जुन्या घरांचे उंबरे उंच असतात. कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढलात तर पाऊल चुकत नाही.

प्रश्न : मी अनगोळात एका घरी सोबतीला आहे. आजी ७९ वर्षांच्या, विसरण्याचा आजार. माहेर बैलहोंगलचं, लग्न होऊन मराठी घरात आल्या. वर्षभरात मराठी कमी होत गेली, आता कन्नडच बोलतात. मुलगा चिडतो : "आमचे वडील सीमालढ्यात तुरुंगात गेले, आणि या घरात हे?" आजींना 'मराठीत बोल' म्हणून ओरडतो. संध्याकाळी त्या गाठोडं बांधून दारात उभ्या राहतात, "मनीगे होगोण" म्हणतात. मला कन्नड जेमतेम येतं.

उत्तर : हे पत्र मी तीनदा वाचलं. आपल्या भागात हे दुखणं किती घरांत असेल, पण कुणी बोलत नाही.

आधी आजारापुरतं. डिमेन्शियात बरेचदा मागून शिकलेलं आधी सुटतं आणि लहानपणीचं मागे राहतं. आजी मुद्दाम करत नाहीत, मराठीवर रागही नाही. ती भाषा त्यांच्या हाताला लागत नाही, एवढंच. ओरडून ती परत येणार नाही. ओरडल्यावर त्या बोलायच्याच बंद होतील, आणि मग कुठे दुखतंय हे सांगायलाही भाषा उरणार नाही.

मुलाचा राग मला समजतो. मी मराठी शाळेत शिकले, माझे वडील मोर्च्यांना जायचे, १ नोव्हेंबरला आमच्या घरी काळा दिवस पाळला जायचा. पण त्या भावाला माझा निरोप सांग : वडील तुरुंगात होते तेव्हा चूल पेटती ठेवणारी, तुम्हाला मराठी शाळेत घालणारी, पाहुण्यांशी मराठीत बोलणारी बाई हीच होती. दुसरीकडून येऊन तिनं तुमची भाषा एवढी वर्षं सांभाळली. आता म्हातारपणी तिला तिच्या आईची भाषा आठवतेय, ती तिच्याकडून काढून घेऊ नका. हे त्याला चारचौघांत सांगू नकोस, एकटा असताना सांग.

तू वीस शब्द शिकून घे, पुरतात. नीरु म्हणजे पाणी, ऊटा जेवण, साकु पुरे, ब्याड नको, नोवु दुखणं, अव्वा आई. शेजारची एखादी कन्नड बाई रोज अर्धा तास येऊन बसली तर सोनंच. माझ्या एका अशाच आजींनी चार दिवस ताट ढकललं होतं. आम्ही 'अंबाडीची भाजी घ्या' म्हणत होतो. शेजारणीनं येऊन तीच भाजी पुढे ठेवली, म्हणाली 'पुंडीपल्ले', आणि त्यांनी भाकरीसकट संपवली. मी वहीत तो शब्द लाल शाईनं लिहून ठेवलाय.

संध्याकाळच्या गाठोड्याचं. 'मनीगे होगोण' म्हणजे घरी जाऊया. तिथे 'हेच तुमचं घर' असं सांगून उपयोग होत नाही, कारण त्यांचं घर या वेळी बैलहोंगलला आहे आणि तिथे आई वाट बघतेय. वाद घालू नकोस, दार अडवू नकोस. गाठोडं तू उचल, चप्पल घाल, हात धर आणि गल्लीच्या टोकापर्यंत जा. वाटेत विचार, घरी कोण आहे, गायी किती आहेत. बहुतेक वेळा परत फिरेपर्यंत मन शांत झालेलं असतं. दिवेलागणीच्या आधीच, साडेपाचलाच घरातले सगळे दिवे लाव; अंधुक उजेडात त्यांची घालमेल वाढते. दुपारची झोप थोडी कमी कर. एक चिठ्ठी फोन नंबर घालून त्यांच्या कमरेच्या पिशवीत कायम ठेव.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. वर्षभरात हळूहळू झालं ते आजाराचं. पण एखादे दिवशी दोन दिवसांतच एकदम बरळायला लागल्या, ओळखेनाशा झाल्या, खूप गुंगी आली, तर ते वेगळं. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम उतरणं, नवी गोळी, यातलं काहीही असू शकतं आणि ते बरं होतं. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. धारवाडला डिमहान्स ही सरकारी मनोरुग्ण आणि मेंदूविकाराची संस्था आहे, अजून दाखवलं नसेल तर घरच्यांना तिथे जायला सांग.

प्रश्न : चिकोडीत एका आजोबांकडे ११ महिने काम करते. सणाला पाहुणे आले की चौदा माणसांचा स्वयंपाक आणि भांडी माझ्यावर पडतात. परवा सूनबाईंची बांगडी सापडेना, सगळ्यांसमोर माझी पिशवी उलटी केली. बांगडी दोन दिवसांनी त्यांच्याच पर्समध्ये मिळाली, कुणी काही बोललं नाही. अजून एक, मुलानं आजोबांचा अंगठा कुठल्याशा कागदावर घेतला, तेव्हा त्यांना धड शुद्ध नव्हती. काम सोडू का?

उत्तर : माझीही पिशवी एकदा अशीच उलटी झालीय. आतला कंगवा, जुनी साडी आणि पोराचं औषध फरशीवर पडलं, ते उचलताना हात थरथरत होते. त्या घरानं माफी मागितली नाही आणि मी महिनाअखेरीस काम सोडलं. तूही सोडलंस तर तुझं काही चुकणार नाही. पण आजोबांसाठी राहावंसं वाटत असेल, असं तुझ्या पत्रावरून वाटतं, तर आधी उभं राहून सांग : "तुम्ही माझी पिशवी तपासलीत, बांगडी तुमच्याकडे मिळाली. हे चौघांसमोर झालं, तेव्हा चौघांसमोर सांगा." मान गेली तर पगार वाढवून ती येत नाही.

मग कागद करा, साध्या वहीच्या पानावर. वेळ, पगार, महिन्याला चार सुट्ट्या, काम फक्त आजोबांचं : त्यांचं जेवण, त्यांचे कपडे, त्यांची खोली. पाहुण्यांचा स्वयंपाक नाही. सोनं आणि रोकड तुझ्या वावरायच्या खोलीत ठेवायची नाही, कपाटाची किल्ली तू घ्यायची नाही, एटीएम कार्ड घेऊन तू जायचं नाही. रोजची वही लिही : काय खाल्लं, गोळी किती वाजता, लघवी-संडास, झोप, कोण येऊन गेलं. डॉक्टरांनाही तीच उपयोगी पडते. गोळ्यांच्या पाकिटावर मी सूर्य आणि चंद्र काढते, सकाळची आणि रात्रीची. इंग्रजी चिठ्ठी वाचता येत नाही म्हणून चूक होत नाही.

अंगठ्याचं हलकं घेऊ नकोस. तारीख, वेळ, तू काय पाहिलंस तेवढंच वहीत लिही, अंदाज लिहू नकोस. साक्षीदार म्हणून कुठेही सही करू नकोस. आजोबा शुद्धीवर, शांत असतील तेव्हा त्यांना सांग. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याप्रमाणे सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकतं. अशी मालमत्ता फसवून किंवा दबावानं घेतली असंच तो कायदा मानतो. दाद प्रांतांच्या न्यायाधिकरणात मागतात. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते, फुकट आहे. आजोबांच्या मुलीचं नाव तू पत्रात काढलंयस. पहिला फोन तिला लावून दे, आणि बोलू दे त्यांनाच.

प्रश्न : आमचे बाबा पडले तर मी त्यांना लगेच उचलते. शेजारी म्हणतात, उचलायचं नाही. खरं काय?

उत्तर : शेजारी बरोबर आहेत. आधी आपण खाली बसायचं, त्यांच्याशी बोलायचं. डोकं आपटलं का, कुठे दुखतंय, दोन्ही पाय हलतात का बघायचं. एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेर वळलंय तर खुब्याचं हाड मोडलेलं असण्याची शक्यता; हलवायचं नाही, पांघरूण घालून १०८ ला फोन. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतंय, तर घड्याळ बघून वेळ लिहा आणि थेट मोठ्या दवाखान्यात. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. काहीच नसेल तर खुर्ची जवळ आणा, त्यांना कुशीवर वळून, गुडघ्यावर येऊन, खुर्ची धरून स्वतःच उठू द्या. काखेत हात घालून ओढू नका.

प्रश्न : मी निपाणीची. वय ८१. नातीकडून लिहून घेतेय. तंबाखूच्या वखारीत जन्म गेला, १९८१ च्या आंदोलनात मीबी रस्त्यावर बसलेली. आता मुलानं सोबतीला पोरगी ठेवलीय. चांगली आहे, पण माझी मिश्रीची डबी लपवते. मी काय लहान पोर आहे काय? आणि दिवसभर बडबडते. मला दुपारी गप बसायला आवडतं.

उत्तर : आज्जी, नमस्कार करते. सगळ्या पत्रांत एवढं एकच पत्र सांभाळ होणाऱ्या माणसाचं आलं, म्हणून ते शेवटी राखून ठेवलं.

डबी लपवणं चूक आहे, ते त्या पोरीला माझ्या नावानं सांगा. मिश्री वाईट, हे तुम्हाला मी काय सांगायचं, तंबाखू तुमच्याइतकी मी हाताळलेली नाही. माझ्या आईनं ती सोडली ती अशी : दिवसाला पाच वेळा होती, ती चारवर आणली, मग दोनवर, मधल्या वेळी लवंग. सहा महिने लागले. डबी शेवटपर्यंत तिच्याच उशाशी होती. तुम्हाला जमेल तसं करा, पण एक मात्र ऐका : आठवड्यातून एकदा उजेडात बसून त्या पोरीकडून तोंड तपासून घ्या. पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला फोड दिसला तर लगेच दवाखान्यात जायचं.

बडबडीचं तिला सरळ सांगा. नवी पोरं गप्प बसायला घाबरतात, त्यांना वाटतं बोललं नाही तर काम केलं नाही असं होईल. २ ते ४ तुमचे, तेव्हा तिनं शेजारी बसून आपलं विणकाम करावं किंवा डुलकी काढावी. ४ वाजता चहा मात्र तुम्ही करा आणि तिला द्या. गॅसपाशी ती उभी राहील. पातेल्याला हात तुमचाच लागू दे.

नातीला म्हणावं, अक्षर छान आहे. मिश्री चारवर आली की पुन्हा लिहा.